नव्वद नंबरचं ऑईल

आमच्या घरात देवाधर्मावरून, शेताच्या बांधावरून किंवा लग्नातल्या मानपानावरून भांडण झाल्याचं मला आठवत नाही. भांडणं झाली ती ऑईलवरून. वडील ट्रक चालवायचे, मी ट्रकचं ऑईल विकायचे आणि दोघांनाही आपलंच खरं वाटायचं, म्हटल्यावर दुसरं काय होणार? माय वैतागून म्हणायची, "दोन्हीसना तोंडमा एक-एक वाटी ऑईल ओती देस, मंग तरी गप बसशात."

दुकान धुळ्याच्या बाहेर, हायवेला लागून, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत. मी सासर सोडून कायमची परत आले तेव्हा त्या खोलीत जुने टायर, जॅक आणि फाटक्या ताडपत्र्या होत्या. वडिलांनी ते सगळं एका दिवसात मागच्या अंगणात नेऊन टाकलं. का परत आलीस, हे त्यांनी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. एवढंच म्हणाले, "आते काय इकशी?" मी म्हटलं, "तुम्ही जे इकत लेतस ते." त्यांना हसू आलं आणि त्या हसण्यावर माझं दुकान उभं राहिलं.

वडिलांना घरात, गल्लीत आणि ट्रकवाल्यांच्या सगळ्या लाइनीवर नाना म्हणत. त्यांची गाडी सहाचाकी, जुनी, पण पोटच्या पोरासारखी ठेवलेली. भुसावळजवळच्या दीपनगरहून वीजकेंद्राची ओली राख भरायची, जळगाव, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला यायचं आणि पुढे नरडाण्याच्या एमआयडीसीत राखेच्या विटा पाडणाऱ्या कारखान्यात गाडी खाली करायची. पूर्वी सोबत क्लीनर असे. अलीकडे क्लीनर मिळेनासे झाले, तेव्हापासून नाना एकटेच जात.

ज्यांचा ट्रकशी संबंध रस्त्यावर त्याला शिव्या देण्यापुरताच येतो, त्यांच्यासाठी थोडं सांगते. ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध एक लोखंडी भोपळा लोंबताना दिसतो. कागदावर त्याला डिफरन्शियल म्हणतात, आमच्याकडे हौसिंग. इंजिनाची ताकद तिथून वळून चाकांना जाते. आत दातेरी चाकं ऑईलमध्ये बुडून फिरत असतात. ऑईल जाड असलं की दात्यांचा आवाज दबतो, पण ते जाड ऑईल घुसळण्यातच थोडं डिझेल वाया जातं. ऑईल पातळ असलं की गाडी मोकळी पळते, ॲव्हरेज सुधारतं. पण दाते झिजलेले असतील तर त्यांचा आवाज उघडा पडतो. जाड म्हणजे एकशेचाळीस नंबर आणि पातळ म्हणजे नव्वद. आमचं सगळं महाभारत या दोन आकड्यांत मावत होतं.

नाना एकशेचाळीसचे. ताक असो, वरण असो की ऑईल, पातळ म्हटलं की त्यांना त्यात लबाडीच दिसायची.

आणि आवाज त्यांना खपायचा नाही, त्याला कारण होतं. नानांचा कान लाइनीवर नावाजलेला होता. कुणाला जुना ट्रक घ्यायचा असला की तो आधी नारळ घेऊन आमच्या दारात यायचा. नाना नारळ घ्यायचे, त्याच्यासोबत जायचे आणि विकाऊ ट्रकच्या मागच्या रिकाम्या फाळक्यात चढून नेमके हौसिंगच्या वर मांडी घालून बसायचे. बाभळीचा एक गुळगुळीत दांडा होता त्यांचा. त्याचं एक टोक फळीला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. मग ड्रायव्हरनं गाडी पळवायची आणि मध्येच ॲक्सिलेटरवरचा पाय सोडायचा. पाय सोडल्यावर जी बोलते ती खरी गाडी, असं नाना म्हणत. खाली उतरल्यावर ते तोंडानं काहीच सांगत नसत. गाडी चांगली असेल तर नारळ पुढच्या चाकावर फोडायचा. नसेल तर नारळ अख्खाच्या अख्खा परत द्यायचा. नारळ परत आला की सौदा मोडला. विकणाराही त्यावर कधी तोंड वर करून बोलायचा नाही.

विकणारे तरी काय कमी होते? झिजलेल्या हौसिंगचं तोंड बंद करायला त्यात जाड ऑईलसोबत कच्ची केळी कुसकरून घालायचे. चार-दोन दिवस आवाज गायब, तोवर गाडी दुसऱ्याच्या गळ्यात. आमच्या भागात केळ्यांचा काय तुटवडा! एकदा मी शाळेत असताना नानांनी मला सोबत नेलं होतं. सावद्याकडून आलेला ट्रक होता, रंग नवा, चालवताना आवाज म्हणून नाही. नाना खाली उतरले आणि मालकाला म्हणाले, "हाई गाडीले एकादशी शे का रे भो? निस्ती केळं खाई राहिनी." सगळे हसले. मिस्त्रीनं खालचा बोल्ट खोलला तर काळ्या ऑईलसोबत करड्या रंगाचा लगदा भदाभदा पडला. मालकानंच ओशाळून सगळ्यांना चहा पाजला. आवाज नसण्याचाही आवाज ऐकू येणारा माणूस माझा बाप आहे, या तोऱ्यात मी पुढे कित्येक दिवस शाळेत कुणाला हिंग लावून विचारलं नाही.

अलीकडे मात्र लाइनीचा रंग बदलला. नव्या मोठ्या गाड्या आल्या, जुने मालक एकेक करून गाड्या काढून मोकळे झाले. नानांची गाडी तेवढ्याच रस्त्याला जास्त डिझेल पिऊ लागली. टायरची हवा झाली, इंजिनाचं काम झालं, तरी फरक पडेना. एका संध्याकाळी नाना जेवता जेवता म्हणाले, "परवडंना तं इकी टाकसू, काय." आणि ताट तसंच सोडून उठले. दुसऱ्या दिवशी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी त्यांना आजारी पाहिलं होतं, रिकामं कधी पाहिलं नव्हतं. गाडी गेली तर हा माणूस कशाला धरून जगेल?

म्हणून मी हौसिंगच्या मागे लागले. उगाच नाही, विचार करून. भुसावळपासून नरडाण्यापर्यंत मोठा घाट नाही. भर मापात. थंडीचे दिवस होते, आणि थंडीत एकशेचाळीस नंबर ऑईल काकवीसारखं घट्ट होतं, सकाळी निघालेली गाडी बराच वेळ जड जड चालते. कंपनीच्या पुस्तकात अशा कामाला नव्वद चालतं असं लिहिलेलं होतं. फरक डोंगराएवढा पडणार नाही, हे मला ठाऊक होतं. गिऱ्हाइकांना मी हेच सांगते, उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवत नाही. पण थोडा पडला असता. नानांना "परवडतं" म्हणायला तेवढा पुरला असता.

"नाना, हौसिंगमा नव्वद टाकी देखू," मी म्हटलं.

"कसाले? आवाज करी."

"थोडा करी. पन गाडी मोकळी व्हई."

"माले आवाज चालत नही. गाडी रडी राहिनी ते माले ऐकाले जमत नही."

"रडू द्या थोडी. डिझेल तं वाची."

असं बरेच दिवस चाललं. शेवटी एका सकाळी नाना स्वतःच दुकानात आले, माझ्या तोंडाकडे रोखून बघत उभे राहिले आणि म्हणाले, "टाक तुनं नव्वद. पन आवाज ऊना तं त्याच दिवशी काढसू. मंग परत नाव काढू नको." मी म्हटलं, कबूल.

आमचा मिस्त्री हायवेच्या पलीकडे. नानांच्याच वयाचा, त्यांच्याच गाडीवर काम करत हात बसलेला. त्यानं गाडी खड्ड्यावर घेतली आणि खालचा बोल्ट खोलला. जुनं ऑईल थंडीमुळे दोरीसारखं संथ उतरत राहिलं. मिस्त्रीनं ते दोन बोटांत चोळून उन्हात धरलं. बोटांवर बारीक चकाकी होती. "दाते घसायेल शेतस, बेन," तो मला हळूच म्हणाला. "नव्वदमा बोली ती." मी म्हटलं, बोलू दे, किती बोलते ते तरी बघू. नवं ऑईल झरझर गेलं. मध सांडावं तसा त्याचा रंग होता.

चाचणीला नाना स्टेअरिंगवर, मी शेजारी आणि मिस्त्री मागे फाळक्यात. सोनगीरच्या बाजूला रस्ता मोकळा मिळाल्यावर नानांनी गाडी पळवली. आणि आवाज आला. आधी बारीक, मग चढत गेलेला, घूंऽऽ असा एकसुरी. नानांनी पाय सोडला तसा तो आणखी उंच गेला. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. रस्त्याकडेला बसलेल्या माणसानंही मान वर करून पाहिलं. मी मनात म्हटलं, हरले. आता हा माणूस गाडी वळवणार, ऑईल काढायला लावणार आणि जन्मभर मला ऐकवणार.

मी नानांकडे पाहिलं. ते निवांत होते. त्यांनी पुन्हा गाडी पळवली, पुन्हा पाय सोडला, मान किंचित तिरकी केली. मग गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि माझ्याकडे वळून हसले.

"काहीच आवाज नही," ते म्हणाले. "मी उगाच भांडनू तुनासंगे. पोरी, तू जितनी."

माझ्या आख्ख्या आयुष्यात नाना माझ्यापुढे हरले ते तेव्हा. मला आनंद व्हायला हवा होता. मिस्त्री मागून उडी मारून खिडकीशी आला, काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि मिटलं. "झकास, नाना," तो म्हणाला, आणि मान फिरवून उगाच टायरवर हात आपटत राहिला.

परतीच्या वाटेवर गाडी रडत होती आणि नाना ऑईलची तारीफ करत होते.

मग मला एकेक आठवायला लागलं. मागून हाक मारली तर नाना वळत नसत, ते मी हट्टीपणात जमा केलं होतं. आणि मीही त्यांचीच लेक, दुसऱ्यांदा हाक मारायचे नाही. खिशात फोन थरथरला की मायच्या हातात देऊन म्हणायचे, "तूच बोल, माले ती बडबड नको." टीव्ही बघायचेच नाहीत, सगळे खोटं बोलतात म्हणायचे. आणि बोलताना माझ्या तोंडाकडे असं रोखून बघायचे, त्याला मी राग समजत होते. ते माझे ओठ वाचत होते.

घरी माय ओट्यावर मेथी निवडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि नुसतं म्हटलं, "माय, नानासले ऐकू येत नही." तिचे हात थांबले नाहीत.

"तुले आते समजनं?" ती म्हणाली. "गयी दिवाळीले पाठमांगे सुतळी बॉम्ब फुटना. हाऊ मानूस हालना बी नही."

"मंग सांगं कसाले नही?"

"कान गया सांगती तं गाडी जाती. गाडी गयी तं काय करी तो? मनाकडे देखत बशी?"

तेव्हा मला दिसलं की मायनं सगळं घरच त्यांच्या न ऐकण्याभोवती मांडून घेतलं होतं. जेवताना ती नेमकी समोर बसायची. दारात कुणी आलं की खाटेच्या पायाला आपल्या पायानं धक्का द्यायची. चहाचा पेला त्यांच्या हाताशी फळीवर जरा जोरात ठेवायची, म्हणजे फळी हलेल. हे सगळं तिनं न सांगता, न कुरकुरता केलं होतं, आणि त्याच घरात राहून मला पत्ता नव्हता. मला मायचा राग आला आणि तिची कीवही आली. मीही तिच्यासमोरची अर्धी मेथी ओढून निवडायला घेतली.

इकडे ॲव्हरेज खरंच सुधारलं. थोडंसंच, पण नानांना आकाश ठेंगणं झालं. भुसावळपासून नरडाण्यापर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर त्यांनी माझ्या ऑईलची दवंडी पिटली. "मनी पोरनं टाकं. ॲव्हरेज बी वाढनं आनि आवाज म्हनशी तं जरा बी नही." लोक मान डोलवायचे. त्यांची गाडी फर्लांगभर लांबून ओळखू येत होती, आणि कुणीही त्यांना तसं सांगितलं नाही. माझ्या दुकानात ड्रायव्हर यायचे, "नानाचं नव्वद द्या" म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचं टाळायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथं मूठ उघडीच होती, फक्त ज्याची होती त्याला दिसत नव्हती.

सांगायला तर हवं होतं. हायवेवर माणूस डोळ्यांइतकाच कानांनी चालवतो. मागचा हॉर्न, रेल्वे फाटकाची घंटा, अचानक मध्ये आलेल्या पोराची किंकाळी. मी दुकानात बसून रोज गाडी परत यायची वाट बघायचे आणि तो रडका आवाज आला की माझा जीव भांड्यात पडायचा. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? माय म्हणायची तू सांग, मी म्हणायचे तू.

शेवटी मीच ठरवलं आणि एक दिवस दुकान बंद ठेवून नानांसोबत दीपनगरला गेले. जाताना सांगू म्हटलं, जमलं नाही. नाना खुशीत होते, रस्त्यावरचं कुठलं हॉटेल पूर्वी कुणाचं होतं ते सांगत होते. भरून परत निघालो. पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू असल्यानं एकच पट्टी मोकळी होती. मागून ॲम्ब्युलन्स आली. तिचा भोंगा मला केबिनमध्ये कानठळ्या बसतील इतका येत होता. नाना त्याच चालीनं जात राहिले. मी त्यांच्या दंडाला धरून आरशाकडे बोट केलं, तेव्हा त्यांनी दचकून गाडी डावीकडे मातीत उतरवली. ॲम्ब्युलन्स पुढे जाताना तिच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात नाचवत शिवी दिली. मागच्या काचेतून कुणीतरी बाई सलाइनची बाटली धरून उभी दिसली.

नानांना घाम फुटला होता. "इतला जवळ येवापर्यंत भोंगा नही वाजाडा त्यानी," ते म्हणाले. "कसा लोके शेतस."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. सांगायची वेळ ती होती. मी सांगितलं नाही आणि त्यांनीही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. धुळ्यापर्यंत आरशावरून त्यांची नजर हलली नाही.

त्या आठवड्यात शिंदखेड्याकडचा एक जण नारळ घेऊन दारात उभा राहिला. साधा, शेती करणारा, पहिलाच ट्रक घ्यायला निघालेला. मायनं माझ्याकडे पाहिलं, मी मायकडे. नानांनी नारळ घेतला. कोनाड्यातला बाभळीचा दांडा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. मी म्हटलं, "मी बी येस." त्या माणसाला डोळ्यांदेखत बुडू द्यायचं हे काही मला पटणारं नव्हतं, पण नानांचं नाव चारचौघांत कसं बुडवायचं, हेही कळत नव्हतं. आम्ही आमच्याच गाडीतून निघालो.

ट्रक एका मोकळ्या मैदानात उभा होता. विकणारा, त्याचे दोघे-तिघे, घेणारा आणि मी. नाना नारळ माझ्या हातात देऊन फाळक्यात चढले, हौसिंगच्या वर मांडी घातली, दांडा कानाला लावला आणि डोळे मिटले. ट्रकनं मैदानाला फेरी मारायला सुरुवात केली. आणि ते हौसिंग ओरडलं! आमच्या गाडीचं त्यापुढे काहीच नव्हतं. घेणाऱ्याला त्यातलं काही कळत नव्हतं. ट्रक आहे म्हणजे आवाज असणारच, अशा चेहऱ्यानं तो नानांकडे आशेनं बघत होता. विकणारा मात्र खाली मान घालून पायानं माती उकरत होता.

नानांनी डोळे उघडले. दांडा दुसऱ्या कानाला लावला. पुन्हा मिटले. पुन्हा उघडले. ट्रक फेरी मारून माझ्यासमोर येऊन थांबला, तरी ते उतरले नाहीत. जन्मभर त्यांनी निकाल देताना कुणाच्या चेहऱ्याकडे पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"येस का आवाज?" त्यांनी विचारलं.

बघणाऱ्यांना वाटलं, नाना लेकीची परीक्षा घेतायत. एक जण कौतुकानं हसलासुद्धा. मी मान हलवली, हो.

"पाय सोडावर?"

मी पुन्हा मान हलवली.

मग त्यांनी दांडा मांडीवर आडवा ठेवला. "आपली गाडीना बी?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं, पण माझ्या डोळ्यांतून पाणी कधीच सुरू झालं होतं. मी हो म्हटलं.

नाना उतरले. माझ्या हातातला नारळ घेतला, क्षणभर तसाच धरून ठेवला आणि त्या माणसाच्या ओंजळीत अख्खा परत दिला. तो बिचारा वाकून त्यांच्या पाया पडला. जमिनीची कमाई वाचवलीत, म्हणाला. विकणारा निघून गेला. "नानाना कान म्हनजे कान," मागून कुणीतरी म्हणालं. नाना चालत होते, त्यांना ते ऐकू आलं नाही.

गाडीपाशी आल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. मला ट्रक चालवता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी मिस्त्रीला फोन केला. त्यानं येऊन गाडी घराकडे घेतली. मी दोघांच्या मध्ये बसले होते. वाटेत नानांनी एकदाच माझ्याकडे वळून विचारलं, "आते येस?" मी हो म्हटलं. "कितला?" त्यांनी विचारलं. ते कसं सांगायचं असतं? मी त्यांचा हात धरला आणि तो सोडवून घेऊन त्यांनी खिडकीवर ठेवला.

पुढे आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेलं. जन्मभर इंजिनाशेजारी बसून कानातलं जे गेलं ते परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले. कानाचं मशीन मिळालं. नानांनी ते घालून पाहिलं. मायनं कांद्याला फोडणी दिली तर दचकून उठले आणि म्हणाले, सगळं पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू येतं, त्यापेक्षा नाही येत तेच बरं. मशीन कोनाड्यात दांड्याशेजारी गेलं.

गाडी विकायचं त्यांनीच काढलं. मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाला, एकशेचाळीस टाकून देऊ, गाडी पटकन जाईल. नाना समोरच्या खाटेवर होते. त्यांनी त्याचे ओठ वाचले.

"एकशेचाळीस नको, केळं बी नको," ते म्हणाले. "जो लेई त्याले ऐकू दे."

घेणारा आला तेव्हा त्यांनी स्वतःच त्याला सांगितलं, हौसिंगमधल्या पिनियनचे दाते घासलेले आहेत, पाय सोडला की ओरडते, काम करून घ्यावं लागेल. सांगताना त्यांनी तो आवाज तोंडानं काढून दाखवला, घूंऽऽ, अगदी हुबेहूब. तो त्यांनी कुठून काढला, मला कळलं नाही. आमची गाडी तशी वाजताना त्यांनी कधीच ऐकली नव्हती.

न्यायच्या दिवशी सकाळी मायनं गाडीला हळदकुंकू लावलं. नाना आले नाहीत. ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्याकडे पाठ करून बसले. बघवत नाही, म्हणाले. गाडी सुरू झाली, अंगणातून वळली आणि हायवेला लागली. वेग घेतल्यावर हौसिंग बोलायला लागलं. मी आणि माय फाटकात उभ्या होतो. तो आवाज बारीक होत होत नगावबारीकडे गेला आणि दुसऱ्या गाड्यांच्या आवाजात मिसळून गेला.

आम्ही मागे वळलो. नाना तसेच पाठमोरे बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट आवळून. गाडी अजून निघायची आहे असं धरून ते वाट बघत होते.

माय पदरानं तोंड पुसत ओट्यावर चढली, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गयी."